खळ लावलेली चार पानं

रोज दुपारी तीनच्या सुमारास मी दोन गल्ल्या ओलांडून एकतीसकडे जाते आणि तिला पेपर वाचून दाखवते. दोन वर्षं झाली या नेमाला. आणि मागच्या थंडीपर्यंत मी तिला जसा पेपर वाचून दाखवला, तसा भोपाळात कधी छापलाच गेला नाही.

एकतीस म्हणजे माझी मैत्रीण. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये तिचं क्वार्टर एकतीस नंबरचं, माझं चौतीस. तिथं नावानं कुणी कुणाला ओळखत नसे. सत्तावीसवाले भाऊजी, बाराच्या वहिनी, असंच चालायचं. नवरे रिटायर झाले, क्वार्टरं सोडावी लागली, कुणी इकडे आनंद नगरात घर बांधलं, कुणी नेहरू नगरला मुलीकडे गेलं, पण नंबर काही अंगावरून उतरले नाहीत. आता नवरेही गेले, तिचाही आणि माझाही. नंबर आहेत.

तिला काचबिंदू झाला. एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्यानं आता दार उघडं आहे की लावलेलं एवढंच समजतं. पेपर हिंदी, पण तिचा हट्ट, की घरात वाचायचं तर मराठीत. मूळची नागपूरची. पन्नास वर्षं इथं काढून सब्जीवाल्याशी फर्ड्या हिंदीत भांडते, पण बातमी तिला मराठीतच कळते. म्हणून मी डोळे हिंदीवर ठेवायचे आणि तोंडानं मराठी बोलायचे. मधल्या मध्ये काय व्हायचं ते माझं मला ठाऊक.

तिचा पक्ष वेगळा, माझा वेगळा. तिच्या पुढाऱ्याची सभा असली की गर्दी मी निम्मी करायचे आणि भाषण दोन ओळींत संपवायचे. माझ्या पुढाऱ्यानं मूर्खपणा केला असला, आणि तो आठवड्यातून तीनदा करतो, तर ती बातमी पानाच्या घडीत जायची. कुणाचं घर पाडलं, कुणाला गाण्यावरून नाहीतर विनोदावरून कोठडीत घातलं, हे मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सावकाश वाचायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “तुझ्या पेपरात देशात चांगलं काहीच नाही होऊन राहिलं का गं?”

“उद्या ढग येणार आहेत,” मी म्हणायचे.

कादंबरी वाचून दाखवायची असली तर सूर्यास्त मी सगळेच्या सगळे गाळायचे. या वयात दुसऱ्याचे सूर्यास्त कोण वाचणार. पलीकडच्या खोलीत तिच्या सुनेची मालिका चालू असते. तिच्यातली नायिका दीड वर्ष गरोदर आहे आणि रोज दाराआड उभी राहून काहीतरी ऐकते. आम्ही दोघी हसायचो. आमचंही तेच चाललं होतं म्हणा, ती ऐकायची आणि मी लपवायचे.

आतलं एक पान मात्र मी उघडतच नसे. उठावन्याच्या जाहिरातींचं. इथं कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी उठावना असतो, पेपरात फोटोसकट छोटी चौकट येते. आमच्या वयाच्या बायकांना ते पान म्हणजे शाळेचा हजेरीपटच. तिला अंधारात बसून ते ऐकायला कशाला लावायचं, म्हणून गाळायचं. याला मी दया म्हणत होते.

ही सवय मला आजची नाही. ती कुठून लागली ते सांगायचं तर पिशवीबद्दल सांगावं लागेल.

टाउनशिपमधल्या अठरा मराठी घरांनी मिळून मासिकं मागवली होती. वाचनालय काढण्याइतके आम्ही नव्हतो, आणि एकेकट्यानं मागवायची ऐपत नव्हती. अंक टपालानं एकतीसच्या पत्त्यावर यायचे. दिवाळी अंक यायला संक्रांत उजाडायची, पण तक्रार नव्हती. जुन्या पडद्याची शिवलेली एक निळी पिशवी होती, तिच्या बंदाला सुतळीनं पेन्सिल बांधलेली. अंकाच्या आतल्या बाजूला अठरा नंबरांची यादी चिकटवायची. प्रत्येक घराला चार दिवस. वाचून झालं की सही करायची, पिशवी पुढच्या दारात. पहिलं घर एकतीस, दुसरं माझं, मग यादीप्रमाणे बाकीची सोळा, आणि फिरून पिशवी माझ्याकडे, कारण ती सांभाळायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलेलं.

पेन्सिल होती शेऱ्यांसाठी. गोष्ट, कविता, पाककृती, काहीही असो, समासात आपला शेरा लिहायचा आणि खाली नंबर घालायचा. खरं सांगायचं तर निम्मे लोक अंक वाचायचे ते शेऱ्यांसाठीच. सत्तावीसवाले भाऊजी कारखान्यात फोरमन, त्यांना सगळं साहित्य जेवणासारखं लागायचं. “कविता बरी, पण मीठ कमी. २७.” बाराच्या वहिनी फक्त शुद्धलेखन तपासायच्या. आणि चौतीस, म्हणजे सव्वीस वर्षांची मी, ग्वाल्हेरहून बी.ए. होऊन आलेली, मी लिहायचे, “लेखकाने जीवनाला अधिक खोलवर भिडायला हवे होते.” माझं स्वतःचं जीवन पिपलानीच्या बाजारापर्यंत जाऊन कोथिंबीर घेऊन परत यायचं. पण भिडायला सगळ्या महाराष्ट्राला सांगत होते.

मग आणीबाणी आली आणि मला ती फार आवडली.

हे आज माझ्या नातसुनेला सांगितलं तर ती हसते, कारण ती मला घरातली क्रांतिकारक समजते. पण आवडली होती. शिफ्टच्या बसा वेळेवर यायला लागल्या, रेशनच्या रांगेत कुणी मधे घुसेना. मी शिस्तीवर एक निबंध लिहिला आणि महिला मंडळात उभी राहून वाचला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतली एक एकतीसची होती, आणि ती जरा उशिरा पडली होती, हे माझ्या आता लक्षात येतं.

त्या काळात एक अंक आला. त्यात कुणा अनोळखी बाईची गोष्ट होती, चार पानांची. एका कारकुनाला वरून सांगितलेलं असतं, की नसबंदीसाठी दोन माणसं आण. तो सकाळी चहा पिता पिता आधी दूधवाल्याकडे बघत राहतो, मग धोब्याकडे. आणि बायको त्याच्याकडे बघत राहते. दुसऱ्या पानाच्या शेवटी त्याची नजर स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या गड्याकडे जाते. तिथं मी अंक मिटला. हा अंक अठरा घरांत जाणार, पिशवी सांभाळणारी मी, यादी माझ्या अक्षरात.

कुणी मला काही सांगितलं नव्हतं. हे मी पन्नास वर्षं घोळवून पाहिलं आहे. ना कारखान्यातून कुणी बोललं, ना पोलीस आले, ना नवरा काही म्हणाला. त्याला तर असा अंक आलाय हेसुद्धा माहीत नव्हतं. मी उठले, मैद्याची खळ शिजवली, आणि ती चारी पानं एकमेकांना चिकटवली. नुसत्या कडा लावल्या असत्या तरी भागलं असतं. पण मी कामाची पक्की, पानभर खळ फासली आणि वर पोळपाट ठेवून वाळवली. मग समासात सुंदर अक्षरात लिहिलं, “या पानांची छपाई खराब आहे. ३४.”

पिशवी पुढे गेली. सोळा घरांनी छपाईला नावं ठेवली असतील आणि पान उलटलं असेल.

अडीच-तीन महिन्यांनी एकतीस पुडाच्या वड्या घेऊन माझ्या दारात उभी होती. वाटी देता देता तिनं विचारलं, “त्या अंकावर शेरे आले का गं काही? त्या कारकुनाच्या गोष्टीवर?”

मला वाटलं, ही पण माझ्यासारखीच घाबरली आहे. तिला धीर द्यावा म्हणून म्हटलं, “एकसुद्धा नाही. असलं कोण वाचतंय?”

ती बरं म्हणाली. वाटी परत न्यायलाही थांबली नाही. आणि मी वड्या खाल्ल्या.

हे सगळं मी विसरून गेले होते. विसरणं सोपं असतं, त्याला खळ लागत नाही. मागच्या थंडीत मी तिला एक बातमी वाचून दाखवत होते. कुणा नकलाकारावर खटला भरला होता, त्यानं जी नक्कल अजून केलीच नव्हती तिच्याबद्दल. मी आवाज चढवून वाचत होते, माणसाला बोलू देत नाहीत म्हणून माझी तळमळ चालली होती. एकतीस गुडघ्यावर शाल ओढून ऐकत होती. मधेच म्हणाली, “माझी पण एक गोष्ट छापून आली होती.”

“तुझी? कुठं?”

“आपल्या पिशवीत तर होती. कारकुनाची. दुसऱ्या नावानं दिली होती मी. म्हटलं आधी पाहू लोक काय म्हणतात, मग सांगू.” ती हसली. “अठरा घरं फिरली, बाप्पा. एकानं पेन्सिल लावली नाही. त्याच अंकात भज्यांच्या कृतीवर चार ओळी लिहिल्या म्हणून सत्तावीसवाले स्वतःच सांगत होते. तुला विचारलं होतं मी, तुला कुठलं आठवायला.”

पेपर माझ्या हातात तसाच राहिला.

“मग?” मी म्हटलं.

“मग काय? माझ्याजवळची प्रत बंबात घातली. दुसरी अर्धी लिहून झाली होती, ती पण. त्या दिवशी पाणी चांगलं तापलं.” तिनं गुडघ्यावरची शाल सारखी केली. “आता बसल्या बसल्या ती गोष्ट मनात म्हणून पाहते. सुरुवात येते. शेवट नाही आठवत. मीच लिहिला आणि मलाच नाही आठवत. एकदा कुणी वाचून दाखवली असती, आणि कुणाला काय वाटलं ते कळलं असतं, तर बरं झालं असतं. तेवढंच राहून गेलं.”

मी घरी आले आणि लोखंडी ट्रंक ओढली. त्या वर्षीचे अंक मी रद्दीत दिले नव्हते. साहित्यप्रेम वगैरे काही नाही, त्यांत माझे शेरे होते म्हणून. तो अंक सापडला. मधली पानं पुठ्ठ्यासारखी झाली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि वाफेवर ती पानं धरली. बोटं भाजली. पहिलं पान सुटलं, दुसरं अर्धं सुटलं. तिसऱ्याची अक्षरं चौथ्यावर उलटी उमटली होती, आणि चौथं पान हातात लगद्यासारखं आलं. शेवटच्या परिच्छेदातले तीन शब्द वाचता आले, “आणि तिनं दार”. उघडलं की लावलं, ते नाही.

शहाणी बाई असती तर त्याच दुपारी जाऊन सांगून मोकळी झाली असती. मी नाही. मला वाटलं, दिसत तर नाही तिला. शेरे हवेत ना, मग शेरे देऊ. अठराच्या अठरा जणांची अक्षरं, सवयी, खोडी मला पाठ. या विद्येचा दुसरा उपयोग तरी काय होता?

गेले. म्हटलं, “तुझा अंक सापडला. आणि कोण म्हणतं शेरे नव्हते? समासात होते, पुसट झालेत. माझंच लक्ष गेलं नव्हतं तेव्हा.”

तिनं दोन्ही हात पुढे केले. मी अंक तिच्या मांडीवर ठेवला. ती पानांवरून बोटं फिरवत होती आणि मला भीती, की त्या सुरकुत्या तिला कळतील. मी पटकन अंक परत घेतला आणि सुरुवातीची दोन पानं वाचून दाखवली. आवाज माझाच, पण गोष्ट चांगली होती. पन्नास वर्षांनी वाचतानाही त्या गड्यापाशी आल्यावर हात अंक मिटायला गेला. मग म्हटलं, “पुढची पानं वाळवीनं खाल्लीत गं. पण शेरे ऐक. बाराच्या वहिनींनी ‘कारकून’ शब्दाखाली दोन रेघा मारल्यात.”

ती खुदकन हसली.

“आणि सत्तावीसवाले लिहितात, ‘घास घशाशी अडकला. पाणी प्यावे लागले.’”

हे मी घरून येतानाच रचलं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. एकतीस हसली नाही. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं, जिथून तिला उजेड समजतो. गालावरून पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही.

“त्यांना फोन लाव,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“सत्तावीसवाल्यांना. नेहरू नगरलाच आहेत ना, मुलीकडे? त्यांना सांगते, ती गोष्ट माझी होती म्हणून. शेवट त्यांनी वाचला असेल. एवढा घास अडकला तर आठवत असेल त्यांना.”

“झोपले असतील आत्ता.”

“चार वाजता कोणी झोपतं का? लाव.”

“उद्या लावू.”

“उद्या काहून? माझं काय ठरलंय का उद्याचं? लाव तू.”

फोन माझ्या हातात होता. त्यात भाऊजींचा नंबर अजून होता. ते दिवाळीच्या आधीच गेले होते. उठावन्याची चौकट मी स्वतः पाहिली होती, फोटोत टोपी घातलेली, आणि त्या दिवशी तिला मी शेवटच्या पानापर्यंत हवामान वाचून दाखवलं होतं.

“ते नाहीत,” मी म्हटलं. “दिवाळीच्या आधी गेले.”

“मला नाही सांगितलं?”

“पेपरात होतं. मी वाचलं नाही तुला.”

तिनं मान माझ्याकडे वळवली. डोळे माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत होते. “आणखी काय नाही वाचलं?”

तेव्हा सगळं बाहेर आलं. सभांची निम्मी गर्दी, घडीत गेलेल्या बातम्या, उठावन्याचं पान. आणि तिथंच थांबता आलं असतं, पण थांबले नाही. शेरे आज सकाळी मी केले, भाऊजींनी तुझी गोष्ट कधी वाचलीच नाही, कुणीच वाचली नाही, वाळवी नव्हती, खळ होती, खळ मी लावली होती.

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, “तुला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“मग तू तरी वाचली ना? पूर्ण?”

ओठावर हो आलं होतं. “दोन पानं,” मी म्हटलं. “पुढं घाबरले.”

“म्हणजे शेवट कुणीच नाही वाचला.”

“नाही.”

पलीकडच्या खोलीत मालिकेतलं कुणीतरी रडत होतं, वाद्यांसकट. तिच्या सुनेनं चहा आणून ठेवला. एकतीसनं प्यायला नाही. मी माझा प्यायले, कारण मला दुसरं काही सुचेना. निघताना तिनं एवढंच म्हटलं, “उद्यापासून पेपर आहे तसा वाच. हिंदीतच.”

मला वाटलं होतं, उद्या दार उघडणार नाहीत. उघडलं. स्टुलावर पेपर होता. मी हिंदीत वाचला. माझी हिंदी ग्वाल्हेरची, चांगली आहे, तरी जीभ अडखळत होती. तिच्या पुढाऱ्याची सभा पूर्ण गर्दीनिशी वाचली. माझ्या पुढाऱ्याचा मूर्खपणाही.  मी पेपर मिटायला लागले तर ती म्हणाली, “ते पान राहिलं.”

उठावन्याचं पान वाचलं. त्या दिवशी आमच्यातलं कुणी नव्हतं.

“आता ती यादी वाच. अंकात चिकटवलेली आहे ना, नंबरांची? एकेक वाच आणि कोण आहे, कोण गेलं ते सांग.”

मी वाचत गेले. चौदा, गेले. बारा, वहिनी मागच्या उन्हाळ्यात. नऊ, दोघंही. चाळीस, पुण्याला आहेत पण ओळखत नाहीत कुणाला. सत्तावीस. प्रत्येक नंबराला ती मान हलवत होती, जणू पिशवी त्या दारातून पुढे निघाली आहे. काही दारं मी आठवून पाहिली. ती क्वार्टरं आता रिकामी आहेत, चौकटी लोकांनी काढून नेल्यात, अंगणात घाणेरीची झुडपं माणसाच्या उंचीची झालीत. अठरा घरांतून फिरून आम्ही खाली आलो तेव्हा शेरा लिहू शकेल असं एकच घर उरलं होतं.

“पेन्सिल आहे का तुझ्याकडे?” तिनं विचारलं.

पर्समध्ये होती.

“तू दोन पानं तर वाचली ना. लिही मग. खरा लिही.”

सव्विसाव्या वर्षी मी सगळ्या महाराष्ट्राला भिडायला सांगत होते. त्या दुपारी एक ओळ लिहायला मला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. “छपाई खराब आहे” या माझ्याच सुंदर अक्षराखाली लिहिलं, आणि तिनं सांगितलं म्हणून मोठ्यानं वाचलं, “गोष्ट खरी होती म्हणून घाबरले. पुढे वाचली नाही आणि कुणाला वाचू दिली नाही. ३४.”

तिनं ऐकलं. चांगलं की वाईट, काही म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही.

“तारीख घाल,” ती म्हणाली.

“तेव्हाची?”

“आजची.”